जंतूची दारं: वाहक प्रथिनं आजार कसा घडवतात

परभणीहून एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "मॅडम, फिजिऑलॉजीच्या पेपरात ट्रान्सपोर्ट प्रोटीन्स म्हणजे अन्न आत घ्यायची सोय, असं शिकवलं. मेडिकल मायक्रोबायोलॉजीत तीच नावं रोगकारक घटकांच्या यादीत आली. साखर आणि लोह आत नेणारं प्रथिन माणसाला आजारी कसं पाडेल? आजार तर विषामुळे होतो ना? आणि मला यावर लहानसा प्रोजेक्ट करता येईल का?"

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी लातूरला क्लिनिकल मायक्रोबायोलॉजीत पंचवीसहून जास्त वर्षं काढली आहेत आणि ही गोष्ट मलाही पुस्तकातून कळली नव्हती, जंतू वाढवायच्या प्लेटवरून कळली.

आधी सरळ उत्तर. विषामुळे आजार होतो हे खरं, पण अर्धंच. जिवाणूच्या पोटात तयार झालेलं विष पोटातच राहिलं तर तुझ्या माझ्या केसालाही धक्का लागत नाही. ते बाहेर काढायला दार लागतं. शिवाय आपल्या शरीरात जगायचं तर त्याला पोसायला लागेल ते आत यायला हवं, आणि आपण मारलेलं औषध बाहेर फेकता यायला हवं. जिवाणूला तोंड नाही, हात नाहीत. दोनेक मायक्रॉनच्या त्या देहाभोवती स्निग्धाचं पटल आहे आणि त्यातून मीठ, साखर, लोह काहीही आपोआप आरपार जात नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूकडे सुमारे ४३०० जनुकं आहेत. त्यांतली दहात एक तरी फक्त ने-आणीच्या कामाची आहेत. एवढा खर्च कुणी उगाच करत नाही.

आता लोहाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुझा प्रश्न तिथेच अडकलाय.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाणारा एक माणूस आमच्याकडे आला. साखरेचा आजार जुना, टाचेला काटा मोडून झालेली जखम, महिनाभर घरगुती उपाय. पट्टी सोडली तर खालचा गॉज पिवळसर हिरवा. त्याची बायको घाबरून म्हणाली, "मॅडम, पायाला शेवाळ धरलंय का काय की!" मी तिला म्हटलं, शेवाळ नाही मावशी, जंतूचा रंग आहे. पू घेतला, प्लेटवर लावला, दुसऱ्या दिवशी स्युडोमोनास एरुजिनोसा. तोच तो द्राक्षासारखा गोडसर वास. किंग्ज बी माध्यमावर त्याला वाढवून, खोलीतला दिवा घालवून, अतिनील दिव्याखाली प्लेट धरली तर सगळी प्लेट पोपटी उजेडाने पेटली. आमच्याकडे तेव्हा शिकायला आलेली मुलं श्वास रोखून बघत राहिली.

त्या हिरव्यातला पोपटी चमकणारा भाग म्हणजे पायोव्हर्डिन. (निळसर छटा असते ती पायोसायनिनची, ते वेगळं.) हे पायोव्हर्डिन त्याने पायाला रंग द्यायला बनवलेलं नाही. लोह पकडून आणायला त्याने बाहेर सोडलेला तो चिमटा आहे, सिडेरोफोर. म्हणजे त्या बाईला गॉजवर जे दिसलं ते जंतूने तिच्या नवऱ्याच्या अंगातलं लोह ओढून न्यायला टाकलेलं जाळं होतं.

लोहासाठी एवढी धडपड कशाला? मोठ्या माणसाच्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एक लहान खिळा होईल एवढं. पण मोकळं जवळजवळ काहीच नाही. बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, बाकीचं फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात, आणि रक्तद्रवात फिरणारं ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनाच्या मिठीत. अश्रू, लाळ, दूध यांत लॅक्टोफेरिन हे तसंच प्रथिन पहारा देतं. रक्तद्रवातल्या मोकळ्या लोहाचं प्रमाण दहाचा उणे २४वा घात मोलर इतकं धरतात. हिशेब करून बघ: एका लिटरमध्ये एकसुद्धा मोकळा अणू मिळेल की नाही, शंका. जिवाणूला जगायला याच्या अब्जावधी पट लागतं. आपल्या शरीराने केलेली ही कोंडी आहे. ताप आला की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि काही तासांत रक्तातलं लोह आणखी खाली नेतं. दीर्घ आजारात रक्त कमी होतं त्यामागे हेही एक कारण असतं.

तू परभणीची आहेस, तुला हे शेतावरून पटकन कळेल. आपली काळी जमीन चुनखडीची. मातीत लोह भरपूर, पण पिकाला मिळत नाही. जुलैत पाऊस लागून राहिला की सोयाबीनची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग शेतकरी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड फेरस आणून फवारतो. हे चिलेट म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखी लोहाला धरून ठेवणारी रचना. गवतवर्गीय पिकं मुळांतून स्वतःच अशी नांगी सोडतात. आपल्या रक्तात शिरलेला जिवाणू त्याच अडचणीत असतो आणि त्याचा तोडगाही तोच आहे. ई. कोलाय आणि त्याच्या भावकीतल्या जिवाणूंचा सिडेरोफोर, एन्टेरोबॅक्टिन, लोहाला इतकं घट्ट धरतं की ट्रान्सफेरिनच्या हातातलं लोहही ते काढून घेतं.

पण नांगीत लोह धरून उपयोग काय, ते आत न्यायला हवं. इथे तुझी वाहक प्रथिनं आली. लोहासकट सिडेरोफोर मोठा असतो, बाहेरच्या पटलातल्या साध्या छिद्रांतून मावत नाही. त्यासाठी खास दार असतं, एन्टेरोबॅक्टिनसाठी त्याचं नाव फेपए. हे पिंपासारखं प्रथिन, आणि पिंपाच्या आत बूच. बूच हलवायला जोर लागतो आणि बाहेरच्या पटलाजवळ स्वतःची ऊर्जा नाही, तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, नसतंच. म्हणून आतल्या पटलावरची टॉनबी, एक्सबीबी, एक्सबीडी ही तीन प्रथिनं मिळून प्रोटॉनच्या दाबावर बूच ओढतात. दोन पटलांच्या मधल्या जागेत एक बांधील प्रथिन माल झेलतं आणि आतल्या पटलातला एबीसी वाहक एटीपी जाळून तो पेशीत घेतो. परीक्षेत हे तीन टप्पे लिहिताना प्रत्येक टप्प्याला ऊर्जा कुणाची, हे लिहीत जा. तिथेच बहुतेक मुलांचे गुण जातात, आणि तिथेच विषय कळतो.

आपणही गप्प बसत नाही. आपल्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडतात, ते एन्टेरोबॅक्टिनला भरल्या हाताने वाटेतच गाठतं. यावर साल्मोनेला आणि क्लेब्सिएलाच्या काही जाती आपल्या एन्टेरोबॅक्टिनला साखरेचे रेणू चिकटवतात. मग ते लिपोकॅलिनच्या खाचेत बसत नाही. हे साल्मोकेलिन. मधुमेही रुग्णात यकृताचा गळू करणारी जी जहाल क्लेब्सिएला असते, जिची प्लेटवरची वसाहत सुईने उचलली की पाकाच्या तारेसारखी लांबत जाते, तिच्याकडे साल्मोकेलिन आणि एरोबॅक्टिन असा सिडेरोफोरांचा जोडीचा माल हमखास सापडतो.

तू म्हणशील, हे सगळं जगण्यासाठी झालं, रोगासाठी कुठे? मग हे बघ. परमा, म्हणजे गनोरियाचा जंतू स्वतः सिडेरोफोर बनवतच नाही. तो थेट आपल्या ट्रान्सफेरिनला धरणारं दार बाळगतो, आणि ते दार माणसाच्याच ट्रान्सफेरिनला बसतं. संमती दिलेल्या स्वयंसेवकांवर अमेरिकेत झालेला प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला: मूळ जंतूने संसर्ग झाला, पण ट्रान्सफेरिनचं दार काढून टाकलेल्या जंतूने झाला नाही. एखादा रोग अमुक जंतूनेच होतो हे ठरवायच्या कसोट्यांना कॉखची गृहीतके म्हणतात; सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये ती जनुकांच्या पातळीवर मांडली. जनुक काढा, रोगकारकता घटली पाहिजे. परत घाला, परत आली पाहिजे. तुझ्या उत्तरात हे वाक्य आलं पाहिजे, कारण एखादं प्रथिन रोगकारक आहे असं म्हणायला हीच कसोटी आहे. नुसतं जंतूत सापडलं म्हणून चालत नाही.

याहून ठसठशीत उदाहरण प्लेगचं, आणि ते आपल्या दारातून सुरू होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास आणि मग काखेत, जांघेत गाठी येऊन ताप, असे रुग्ण दिसू लागले. १९६६ नंतर भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत साठवलेलं धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर, असं कारण तेव्हा मांडलं गेलं. सप्टेंबरात सुरतेची साथ आली आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं, बीड मागे पडलं. आपल्याकडच्या मुलांनी तरी ते विसरू नये असं मला फार वाटतं.

प्लेगच्या येर्सिनिया पेस्टिसचा सिडेरोफोर म्हणजे येर्सिनियाबॅक्टिन. ज्या जातीत त्याची जनुकं गळून गेली आहेत ती जात इतकी दुबळी मानतात की प्रयोगशाळेत तिच्यावर कमी बंदोबस्तात काम करता येतं. शिकागोत २००९ मध्ये अशाच दुबळ्या जातीवर काम करणारा एक संशोधक प्लेगने गेला. कुणालाच कळेना. शवविच्छेदनात दिसलं की त्याला हिमोक्रोमॅटोसिस होता, अंगात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक आजार, जो त्याला स्वतःलाही माहीत नव्हता. अधिकृत अहवालाने याच लोहसाठ्याकडे बोट दाखवलं. जंतूचं लोह ओढणारं यंत्र मोडलेलं होतं म्हणून तो निरुपद्रवी होता; या माणसाच्या अंगात लोह ओसंडत होतं, म्हणून त्या यंत्राची गरजच उरली नाही. लोह आत नेणारं प्रथिन आजारी कसं पाडेल, याचं उत्तर मी वर्गात या एका प्रकरणाने देते.

लोहाचं आणखी एक काम आहे, आणि मला ते सगळ्यांत सुंदर वाटतं. लोह संपलं यावरून जंतूला कळतं की आपण माणसाच्या अंगात आलो. घटसर्पाच्या जंतूत डीटीएक्सआर नावाचं प्रथिन लोह धरून विषाच्या जनुकावर बसलेलं असतं. लोह संपलं की ते उठतं आणि विष सुरू होतं. (इथे घटसर्प म्हणजे माणसाचा डिप्थेरिया, जनावरांच्या घटसर्पाचा जंतू निराळा.) वर सांगितलेल्या स्युडोमोनासात तर लोह घेऊन आलेलं पायोव्हर्डिन दाराला लागलं की दारच आत निरोप देतं आणि एक्झोटॉक्सिन ए बनायला लागतं. दार आणि घंटा एकच. म्हणून अन्नाची प्रथिनं एका कप्प्यात आणि विषाची दुसऱ्या, अशी वाटणी करूच नकोस. जंतूने ती केलेली नाही.

याचा दवाखान्यातला अर्थ मोठा आहे. तीव्र कुपोषित बालक पोषण पुनर्वसन केंद्रात येतं तेव्हा त्याचं रक्त कमी दिसत असूनही पहिल्या आठवड्यात, प्रकृती स्थिर होईपर्यंत, लोह देत नाहीत. त्याच्याकडे ट्रान्सफेरिनच कमी असतं, दिलेलं लोह मोकळं राहण्याचा धोका असतो आणि संसर्ग बळावू शकतो. पोर सावरलं, खायला लागलं, वजन धरलं की मग लोह. तसंच अंगात जोराचा जंतुसंसर्ग असताना शिरेतून लोह देणं टाळतात. आमच्या त्या ऊसतोड कामगाराला ताप चढलेला असतानाच एका ठिकाणी रक्तवाढीचं, म्हणजे लोहाचं, सलाईन लावलं होतं. त्यानेच पाय बिघडला असं मी म्हणणार नाही, साखर चारशेच्या वर होती. पण ते तेव्हा द्यायला नको होतं, हे मी आजही म्हणेन. याचा अर्थ गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या सोडाव्यात असा अजिबात नाही. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्तच नसतं, ती गोळी रोज घेतलीच पाहिजे.

आता बाहेर जाणारी वाहतूक.

कॉलऱ्यात दोन पावलं बघ. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे विष जंतूच्या बाहेर येतं आणि तेच काम करतं. बाहेर येतं कसं? आधी ते आतल्या पटलातून मधल्या जागेत येतं, तिथे एक ए आणि पाच बी असे भाग जुळतात, आणि मग टाइप-२ स्रावयंत्रणा ते पूर्ण जुळलेलं विष बाहेर ढकलते. ही यंत्रणा बिघडवली तर जंतू विष बनवत राहतो पण ते मधल्या जागेत अडकून पडतं. विष तेच, प्रमाणही तेच, फक्त दार बंद. तुझ्या "आजार तर विषामुळे होतो ना" याला हे उत्तर.

बाहेर आलेलं विष आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं, आपला क्लोराइडचा मार्ग उघडा पडतो, मीठ आतड्यात, मागोमाग पाणी. पण त्याच पेशीत आपलं एक वाहक प्रथिन जंतूच्या तावडीतून सुटलेलं असतं: एसजीएलटी-१. ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं, आणि कॉलऱ्यातही चालू राहतं. मीठ-साखरेचं पाणी काम करतं ते या एका दारावर. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांत, बनगावच्या छावणीत, दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणला. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, विहिरीचा तळ लागला की गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या दिवसांत आम्ही प्रत्येक नमुना जीव मुठीत धरून बघायचो. तेव्हा आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं देत फिरत होत्या. सध्याच्या पाकिटात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि तेवढंच ग्लुकोज असतं. म्हणून पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचं, अंदाजे पेल्यात नाही.

टाइप-३ यंत्रणा वेगळी. तिथे विष बाहेरच्या द्रवात सोडायचं नसतं, थेट आपल्या पेशीत टोचायचं असतं. साल्मोनेलाची ही सुई १९९८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा वेगळी करून दाखवली गेली. मुळाशी कड्यांचा पाया, त्यावर पोकळ सुई, आतली पोकळी दोन-अडीच नॅनोमीटर. एवढ्या बोळातून घडी घातलेलं प्रथिन जात नाही, ते उलगडून सुतासारखं ओवावं लागतं. जंतूची शेपटी, फ्लॅजेलम, ज्या यंत्रणेने बांधली जाते तिचीच ही बहीण. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू रक्ती आव द्यायला पुरतात, त्याचं श्रेय बरंचसं या सुईला आणि त्याच्या आम्ल सोसण्याच्या ताकदीला.

आणि मामल्याच्या प्लेगकडे परत ये. येर्सिनिया पिसवेच्या अंगात साधारण २६ अंशांवर असतो तेव्हा ही सुई बनवत नाही. माणसाच्या ३७ अंशांवर आला की बनवतो. पेशीला टेकला की योप नावाची प्रथिनं टोचतो, तीही मुख्यतः पांढऱ्या पेशींना. या पेशी जंतूला गिळायला गेलेल्या असतात आणि गिळणंच विसरतात. गाठीत जंतूंची खच्चून वाढ होते ती त्यामुळे.

टीबीचं थोडक्यात. टीबीच्या जंतूला, मायकोबॅक्टेरियमला, मेणाची जाड भिंत, त्यातून प्रथिनं काढायला टाइप-७ यंत्रणा, ईएसएक्स-१. तिच्यातून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बाहेर येतात. काल्मेत आणि गेराँ यांनी १३ वर्षं पुनःपुन्हा वाढवून जी बीसीजी लस केली, तिच्यात नेमका हाच जनुकांचा तुकडा गळून गेलेला आहे. म्हणून बीसीजी दुबळी. आणि म्हणूनच ईसॅट-६ वर बेतलेली इग्रा रक्तचाचणी लस घेतलेल्या माणसात फसत नाही, ट्यूबरक्युलिनची जुनी चाचणी फसू शकते. एक गळलेलं दार, त्यावर लसही आणि चाचणीही.

शेवटी औषधांची गोष्ट, कारण रिपोर्टवर रेझिस्टंट असा शिक्का मारताना मला नेहमी ही दारंच दिसतात. ऊसतोडीच्या त्या माणसाच्या स्युडोमोनासवर आम्ही डिस्क, म्हणजे औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या, ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्लेट उचलली तर इमिपेनेमच्या डिस्कला चिकटून जंतू वाढलेला, आणि शेजारी मेरोपेनेमभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ. दोन्ही एकाच घराण्याची औषधं. असा नमुना दिसला की मी आधी ओपीआरडी आठवते. हे बाहेरच्या पटलातलं एक छिद्र, लायसिन, आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं आत घ्यायचं. इमिपेनेम त्याच वाटेने शिरतं. औषधाचा मारा झाला की ज्या जंतूत हे दार मोडलेलं आहे तेच उरतात. स्वतःचा घास कमी झाला तरी चालेल, पण जीव वाचला. मेरोपेनेम अडवायला मात्र नुसतं दार बुजवून सहसा भागत नाही. त्यासाठी मेक्सएबी-ओपीआरएम हा उपसा पंपही जोरात चालवावा लागतो. इमिपेनेमला हा पंप ओळखत नाही. शेजारशेजारच्या दोन डिस्क तुला कुठलं दार बंद आणि कुठला पंप चालू याचा अंदाज देतात. त्या माणसाला मेरोपेनेमवर ठेवलं, सर्जननी मेलेलं मांस काढलं, दोन बोटं गेली, पाय राहिला. पुढच्या हंगामाला तो कोयता घेऊन गेला नाही, मुकादमाकडे हिशेबाला बसला.

हे उपसा पंप आपल्या अँटिबायोटिकसाठी निर्माण झाले असं समजू नकोस. टेट्रासायक्लिन बाहेर फेकलं जातं हे १९८० मध्ये कळलं, पण पंप त्याच्या कितीतरी आधीचे. ई. कोलाय आणि साल्मोनेलाचा एसीआरएबी-टॉलसी हा आतल्या पटलापासून बाहेरपर्यंत जाणारा सलग नळ. त्याचं आतल्या पटलातलं तीन भागांचं प्रथिन, एसीआरबी, आळीपाळीने रूप बदलत माल वर ढकलतं, प्रोटॉनच्या दाबावर. आतड्यातलं पित्त जंतूला साबणासारखं विरघळवून टाकतं. ते बाहेर काढायला हा पंप लागतो. नळाचं बाहेरचं टोक, टॉलसी, काढलेला साल्मोनेला उंदरांना तोंडावाटे दिला तर आजारी पाडू शकला नाही. टायफॉइडचा जंतू पित्ताशयात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो, तोही पित्त सोसण्याच्या जोरावर. त्याच पंपाच्या तोंडी आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन येतं. तापाला दोन दिवस गोळी घेऊन सोडून देणारा रुग्ण पंप जोरात चालवणाऱ्या जंतूंना निवडून मागे ठेवतो, म्हणून मला त्या दोन दिवसांचा इतका राग येतो. टीबीतही तेच. बेडाक्विलिन हे मोलाचं औषध, पण आरव्ही०६७८ या नियंत्रक जनुकात बिघाड झाला की एमएमपीएल-५ हा पंप वाढतो आणि क्लोफाझिमिन हे दुसरं औषधही सोबत निकामी होऊ लागतं.

दाराचा उपयोग आपल्यालाही करता येतो. सेफिडेरोकोल या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकला लोह धरणारी नांगी जोडली आहे. भुकेला जंतू लोह समजून ते स्वतःच्याच खास दारातून, स्वतःची ऊर्जा खर्चून, आत ओढतो.

आता तुझा प्रोजेक्ट. रुग्णांचे जंतू वापरू नकोस, तुमच्याकडे तेवढी सुरक्षितता नसेल आणि गरजही नाही. हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या मुळाला चिकटलेली माती घे, तिच्यातून चमकणारे स्युडोमोनास वेगळे कर. हेच जंतू मुळाशी लोह अडवून मर रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवायला मदत करतात, म्हणून शेतकरी त्यांची पावडर बियाण्याला लावतो. त्यांच्यासाठी क्रोम अझुरॉल एस या रंगाची प्लेट कर, श्विन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये दिलेल्या पद्धतीने. प्लेट गर्द निळी होते, कारण रंगाने लोह धरलेलं असतं. मधोमध जंतूचा ठिपका दे आणि २८ अंशांवर ठेव. साधारण दोन दिवसांत ठिपक्याभोवती निळा रंग सुटून नारिंगी कडं उमटतं. जंतूच्या नांगीने रंगाच्या हातातलं लोह हिसकलेलं तुला उघड्या डोळ्यांनी दिसेल. कड्याचा व्यास मोज. मग त्याच जंतूला माध्यमात फेरिक क्लोराइड वाढवत नेऊन पुन्हा बघ, कडं कुठे थांबतं ते. तिथे तुला नियंत्रणही दिसेल.

एक काळजी घे, यात माझी पहिली तीन महिन्यांची मेहनत वाया गेली होती. काचसामान बोअरच्या पाण्याने धुतलं तर त्यातलं लोह प्लेटमध्ये उतरतं आणि निळा रंग नीट जमत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेव, मग ऊर्ध्वपातित पाण्याने निदान तीन वेळा विसळ, आणि माध्यमाचं पाणीही ऊर्ध्वपातितच घे. पहिली प्लेट जमली की फोटो पाठव.